'काही नाही' या उत्तरामागे

नववी-दहावीतील मुलगी शाळेतून येते, दप्तर कोपऱ्यात टाकते, ताटावरून अर्धवट उठते आणि खोलीचे दार लोटून घेते. काय झाले म्हणून आईने विचारले, तर 'काही नाही' एवढेच उत्तर मिळते. संध्याकाळी वडील तोच प्रश्न जरा चढ्या आवाजात विचारतात आणि तेच उत्तर तितक्याच चढ्या आवाजात परत येते. आजी म्हणते, वयच असे आहे. काका म्हणतात, आधी तो मोबाइल काढून घ्या. महिनाभराने घटक चाचणीचे गुण हाती पडतात आणि मग घरातील सारी चर्चा गुणांभोवती फिरू लागते. दरम्यान मुलगी रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जागी असे, गाण्याचा क्लास तिने सोडला होता, जिच्यावाचून तिचे पान हलत नसे त्या मैत्रिणीचा फोन तिने एकदाही उचलला नव्हता. यातील एकेक गोष्ट घरातील कोणी ना कोणी पाहिलेली असते. त्या सगळ्या एकत्र ठेवून मात्र कोणीच पाहिलेल्या नसतात.

मध्यमवर्गीय मराठी घरांत थोड्याफार फरकाने दिसणारे हे चित्र आहे. यांपैकी बहुतेक घरांत चिंता करण्यासारखे काही नसते. वाढत्या वयातील रुसवेफुगवे येतात आणि जातात. काही घरांत मात्र त्या 'काही नाही'च्या मागे एक आजार दडलेला असतो. तो ओळखता येतो, त्यावर उपचारही आहेत. तरीही घरच्यांना तो कळेपर्यंत कित्येक महिने निघून जातात आणि मुलाच्या आयुष्यातील हे महिने फार महाग पडतात.

या विलंबाला आपली आजची भाषाही थोडी जबाबदार आहे. 'डिप्रेशन' हा शब्द इतका स्वस्त झाला आहे की क्रिकेटचा सामना हरला तरी डिप्रेशन येते आणि मालिकेचा शेवट मनासारखा झाला नाही तरी येते. परिणामी, ज्याला खरोखरच तो आजार जडला आहे, त्याने तोच शब्द उच्चारला तर ऐकणारा हसून सोडून देतो. वास्तविक खिन्नता, उदासी, निराशा, वैफल्य, विषाद अशा वेगवेगळ्या छटांचे शब्द मराठीत आहेत. वैद्यकाच्या मराठीत या आजाराला 'नैराश्य' म्हणतात. पण बोलण्यात निराशा आणि नैराश्य यांत फरक राहिलेला नाही, आणि सगळा घोटाळा तेथेच होतो. निराशेला कारण असते व ते दूर झाले की ती ओसरते. नैराश्याला दरवेळी कारण सापडतेच असे नाही, आणि कारण दूर केल्यावर ते जाईलच असेही नाही.

हे सारे पाश्चात्त्य जीवनपद्धतीचे खूळ आहे, आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात कोणाला नैराश्य येत नव्हते, असे एक मत आपल्याकडे हिरिरीने मांडले जाते. ते ऐकायला बरे वाटते, पण टिकत नाही. चरकसंहितेने वाताच्या ऐंशी विकारांची जी यादी दिली आहे, तिच्यात विषाद आहे; निद्रानाश आहे; चित्ताची अस्थिरता आहे. रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषाद हा सर्वांत अग्रेसर, असेही त्याच संहितेत अन्यत्र म्हटले आहे. पूर्वी हा आजार नव्हता असे नव्हे. त्याची दखल घराच्या आत राहिली, आणि 'विक्षिप्त', 'घुमा', 'अंगात आलेली' अशा नावांखाली ती माणसे आयुष्य काढून गेली.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांमध्ये पहिला क्रमांक महाराष्ट्राचा होता, 1,764. शिक्षणात आघाडीवर असल्याचा अभिमान बाळगणाऱ्या राज्याला हा क्रमांक अस्वस्थ करणारा आहे. या प्रत्येक मृत्यूमागे नैराश्यच होते असे म्हणता येणार नाही. कर्ज, घरातील भांडणे, प्रेमातील अपयश, छळ, क्षणिक आवेग अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. परंतु उपचाराविना राहिलेले नैराश्य हा त्यांतील एक मोठा आणि टाळता येण्याजोगा धागा आहे, याविषयी तज्ज्ञांमध्ये दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 10 ते 19 या वयोगटातील सातांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्याच्या दर दहा रुग्णांपैकी आठांहून अधिक जण उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते, असे दिसून आले. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता. म्हणून येथील स्थिती फार वेगळी असेल असे मानण्याचे मात्र काही कारण नाही.

ओळखायचे कसे

नैराश्य म्हणजे सतत रडणारे मूल, अशी एक समजूत आहे आणि ती घातक आहे. किशोरवयात हा आजार पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने प्रकट होतो. शांत मुलगा एकाएकी उद्धट होतो, धाकट्या बहिणीवर हात उगारतो, साध्या प्रश्नावर ताट सरकवून उठतो. घरच्यांना तो 'वाया चाललेला' दिसतो, आणि आजाऱ्याला मिळायची ती शुश्रूषा न मिळता शिक्षा मिळते. निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांतही मुलांच्या बाबतीत उदास मनःस्थितीऐवजी चिडखोरपणा ग्राह्य धरलेला आहे, ही बाब पालकांना क्वचितच ठाऊक असते.

दुसरे रूप शरीराचे. डोके दुखते, पोट दुखते, छातीत धडधडते, सकाळी शाळेच्या वेळेला मळमळते. रक्त-लघवी तपासून होते, सोनोग्राफी होते, सगळे अहवाल चांगले येतात आणि मग 'शाळा बुडवायची सोंगे' असा निष्कर्ष निघतो. मूल सोंग करीत नसते. वेदना खरी असते, तिचे मूळ वेगळ्या ठिकाणी असते. येथे उलट बाजूही सांगायला हवी. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, जीवनसत्त्व बी-12ची कमतरता यांमुळेही मूल थकलेले, मलूल आणि चिडके दिसू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) 15 ते 19 वयोगटातील 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हा रक्ताची तपासणी जरूर करावी. फक्त अहवाल चांगला आला म्हणून मुलाला खोटे ठरवू नये.

तिसरी आणि बहुधा सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे आवडीच्या गोष्टींतून मन उडणे. अभ्यास नकोसा होणे यात नवल नाही, तो अनेकांना नकोच असतो. पण मैदानावर रोज सर्वांआधी पोहोचणारा मुलगा घरात बसू लागला, तबल्यावरचा पिसवा आठवडेच्या आठवडे निघाला नाही, गणपतीच्या आराशीत रात्र जागविणारी मुलगी यंदा खाली उतरलीच नाही, तर तेथे थांबून पाहिले पाहिजे. त्याच्या जोडीला झोपेचे चक्र उलटते, भूक एकदम कमी होते किंवा अवेळी वाढते, लक्ष लागत नाही, तेच पान चार वेळा वाचावे लागते, हालचाली मंदावतात. 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो', 'मी कशाच्याच उपयोगाची नाही' अशी वाक्ये सहज बोलल्यासारखी कानांवर पडतात. ही लक्षणे बहुतेक दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ, किमान दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांकडे जाण्याची वेळ झाली असे समजावे. वयात आल्यानंतर मुलींमध्ये या आजाराचे प्रमाण मुलांच्या सुमारे दुप्पट असते. मुलगे मात्र बोलत नाहीत, आणि 'मुलासारखा मुलगा असून रडतोस काय' हे वाक्य त्यांच्या तोंडाला कायमचे कुलूप लावते.

दोन आठवड्यांची वाट न पाहता तातडीने हालचाल करावी अशाही खुणा आहेत. मरणाविषयीचे बोलणे, मग ते थट्टेत का असेना, जिवापाड जपलेल्या वस्तू मित्रांना वाटून टाकणे, निरवानिरवीची भाषा, उन्हाळ्यातही हात झाकून ठेवणे व कोणी पाहिले की दचकणे, दीर्घ अस्वस्थतेनंतर एकाएकी आलेली न उलगडणारी शांतता. अशा वेळी 'जिवाचे काही बरेवाईट करावे असे मनात येते का?' हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, ही भीती निराधार आहे. आपल्या मनातील सर्वांत भयंकर गोष्ट कोणीतरी न घाबरता उच्चारली, यानेच अनेक मुलांना मोकळे वाटते.

ज्येष्ठांनी काय बोलावे

योगवासिष्ठाच्या आरंभी एक प्रसंग आहे. सोळाही वर्षे पूर्ण न झालेला राम तीर्थयात्रेहून परततो आणि हळूहळू कृश, अबोल, उदासीन होत जातो. खाण्यापिण्यात, अलंकारांत, सोबत्यांत त्याचे लक्ष राहत नाही. दशरथ त्याला मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा मायेने विचारतो आणि राम सांगतो की आपल्याला काहीही दुःख नाही. अयोध्येच्या राजवाड्यातही उत्तर तेच होते! रामाची ती अवस्था वैराग्याची होती, तिला रोग म्हणणे अनुचित ठरेल. घरातील मोठी माणसे कशी वागली, हे मात्र पाहण्यासारखे आहे. बाप रागावला नाही, त्याने वसिष्ठांना विचारले. सेवकांनी जे दिसले ते न लपविता सांगितले. पुढे भरल्या सभेत त्या किशोराला त्याच्या मनातील सारे बोलू दिले गेले आणि वसिष्ठ-विश्वामित्रांसारख्या ऋषींनी ते मध्ये न तोडता ऐकून घेतले. उपदेश त्यानंतर आला.

आपल्या घरांत हा क्रम उलटा असतो. उपदेश आधी येतो, आणि ऐकणे बहुधा राहूनच जाते. 'तुला कमी काय केले?', 'आमच्या वेळी आम्ही चार-चार मैल चालत शाळेत जात होतो', 'सीमेवरच्या जवानाकडे बघ' ही वाक्ये वाईट हेतूने उच्चारली जात नाहीत. पण आधीच स्वतःला नालायक समजणाऱ्या मुलाला त्यांतून एकच अर्थ लागतो, की आपण नालायक आहोत हे घरच्यांनाही पटले आहे. गीतेतील श्लोक तोंडावर फेकणारेही पुष्कळ भेटतात. त्यांनी दुसऱ्या अध्यायाचा आरंभ पुन्हा वाचावा. श्रीकृष्णाने अर्जुनाची प्रथम कानउघाडणी केली, तेव्हा अर्जुन उठला नाही; लढणार नाही असे सांगून तो गप्प बसला. त्यापुढचे अध्याय हा संवाद आहे, आणि त्यात अर्जुनाला पुन्हा पुन्हा शंका विचारण्याची मुभा आहे.

बोलण्याची वेळ आणि जागा निवडणे हे अर्धे काम आहे. समोरासमोर बसवून चौकशी मांडली की मूल मिटते. स्वयंपाकघरात शेंगा सोलताना, स्कूटरवरून क्लासला सोडताना, रात्रीच्या फेरफटक्यात ते बोलते, कारण तेथे नजर भिडवावी लागत नाही. प्रश्नही आरोपाचा नसावा. 'हल्ली तू झोपत नाहीस असे दिसते, जेवणही कमी झाले आहे, मला काळजी वाटते' एवढे पुरेसे असते. मूल बोलू लागले की लगेच तोडगा सुचवू नये. मात्र 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये. जिवाचा प्रश्न असेल तर ते मोडावे लागेल आणि विश्वास कायमचा जाईल.

मोबाइलचे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. पडद्यापुढे जाणारी रात्र झोप खाते आणि गेलेली झोप मन आणखी खचविते, हे खरे. परंतु पुष्कळदा क्रम उलटा असतो. झोप लागत नाही म्हणून मूल फोन हाती घेते. तो एका दिवसात हिसकावून घेतला तर जे एक-दोन मित्र त्याला धरून आहेत तेही तुटतात. रात्री दहानंतर घरातील सगळ्यांचे फोन, वडिलांचासुद्धा, दिवाणखान्यात राहतील असा नियम अधिक चालतो.

एकत्र कुटुंबे असती तर ही वेळ आली नसती, असेही म्हटले जाते. त्यात थोडे तथ्य आहे. घरात चार डोळे अधिक असले की ताटात उरलेली पोळी कोणाला तरी दिसते. पण त्याच भरल्या घरांत 'चार लोकांत शोभा नको' म्हणून आजार लपविण्याची शिस्तही असे, आणि ती आजच्या दोन खोल्यांच्या सदनिकेतही शाबूत आहे. मुलीच्या बाबतीत तर 'उद्या लग्नाच्या वेळी कळले तर' या भयापायी वर्षानुवर्षे उपचार टाळले जातात.

डॉक्टर, औषधे आणि योगासने

पहिली पायरी घरच्या डॉक्टरांची. त्यांनी शारीरिक तपासणी करून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात व औषधे देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक संवादाधारित उपचार करतात. सौम्य आजारात हे संवादाधारित उपचार, विशेषतः विचार आणि वर्तन यांना वळण देणारी पद्धती, अनेकदा पुरेसे ठरतात. आजार मध्यम वा तीव्र असेल तर औषधांची जोड लागते. किशोरवयात फ्लुओक्सेटिन या औषधाचा अनुभव सर्वाधिक आहे. अमेरिकेत 2003 मध्ये ते आठ वर्षांवरील मुलांसाठी मान्य झाले आणि 2004 मध्ये तेथील औषध नियामकाने नैराश्यावरील सर्वच औषधांवर असा इशारा छापायला लावला की सुरुवातीच्या काळात काही मुलांमध्ये आत्मघाताचे विचार वाढू शकतात. हा इशारा वाचून औषधच नाकारणे चूक. पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे हा त्याचा योग्य अर्थ. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. ही औषधे म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत व त्यांची चटक लागत नाही. पण बरे वाटले म्हणून ती मनाने बंद केली तर आजार उलटतो. बरे वाटू लागल्यावरही साधारणतः सहा महिने वा अधिक काळ ती चालू ठेवावी लागतात.

सूर्यनमस्कार, प्राणायाम, मैदानी खेळ यांचा उपयोग निःसंशय आहे. नियमित व्यायामाने सौम्य नैराश्य कमी होते, हे अभ्यासांतूनही दिसले आहे. परंतु अंथरुणातून उठण्याचे बळ नसलेल्या मुलाला पहाटे पाचला उठवून सूर्यनमस्कार घालायला लावणे म्हणजे मोडलेल्या पायाने धावायला सांगणे होय. आधी पाय सांधावा लागतो. उपासना, योग आणि औषध यांत भांडण नाही. एकाच्या नावाखाली दुसरे नाकारले की मुलाचे नुकसान होते. हे सांगण्याची नैतिक ताकद ज्यांच्या शब्दाला घराघरांत मान आहे अशा कार्यकर्त्यांकडे डॉक्टरांपेक्षा अधिक आहे, आणि रोज खेळायला येणारा मुलगा पंधरा दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी जाऊन येण्याची सवयही त्यांना आहे.

घरात एक काम कोणताही डॉक्टर न सांगताही करता येते. शिल्लक औषधे, आणि शेतकरी घरांत कीटकनाशके, कुलपात ठेवावीत किंवा घराबाहेर हलवावीत. आवेगाचा काळ पुष्कळदा थोडा असतो. तो टळला तर जीव वाचतो. श्रीलंकेने 1995 आणि 1998 मध्ये अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि 2005 पर्यंत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळण्याचेही आता कारण नाही. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आहे, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने 309 कलम उरलेले नाही.

शाळांकडून अपेक्षा ठेवताना जरा सावध असलेले बरे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचा निर्देश दिला. निर्देश उत्तम आहे. पण ज्या शाळांत चित्रकलेच्या शिक्षकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते, तेथे समुपदेशक कागदावर नेमला जाण्याचीच शक्यता जास्त. तोवर वर्गशिक्षकाने पालकांना बोलावून गुणपत्रिका पुढे करण्याआधी 'मूल डबा खाते का, कोणाशी बोलते का' हे सांगितले तरी पुष्कळ झाले. ज्या गावात मनोविकारतज्ज्ञ नाही तेथील पालकांसाठी जिल्हा रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही निःशुल्क सेवा आहे. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या या सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही बोलता येते. मूलच नव्हे, घाबरलेले आईबापही तेथे फोन करू शकतात.

उपचार सुरू झाल्यावर खरी कसोटी लागते ती परीक्षेच्या तोंडावर. 'एवढी दहावी होऊ दे, मग बघू' म्हणून औषधे आणि भेटी थांबविल्या जातात. वास्तविक 2015 पासून राज्य मंडळाची दहावीची पुरवणी परीक्षा निकालानंतर लवकरच होत असल्याने पूर्वीसारखे अख्खे वर्ष जात नाही. वर्गात बसण्याचीच ताकद नसेल तर नियमांत बसत असल्यास 17 नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा देता येते. तसे करावे लागले आणि शेजाऱ्यांनी कारण विचारले, तर काविळीने अंथरुणाला खिळलेल्या मुलाबद्दल जे सांगितले असते तेच सांगावे, की बरे नव्हते, आता औषध चालू आहे.